डाव्या वळणाची जाहिरात

माझं माहेर पेणचं, गणपती घडवणाऱ्यांचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जे भांडण केलं ते समजायला ते लागेल. आमच्या घरात पोरींना रांगोळीच्या आधी सोंड काढता यायची. डावी कुठली, उजवी कुठली, यात कुणी चुकलं की वडील हातातली माती तशीच धरून नुसते बघायचे. ओरडायचे नाहीत. पण ते बघणं असं असायचं की तीच चूक पुन्हा होत नसे. उजव्या सोंडेचा देव कडक, त्याचं सोवळंओवळं सगळ्यांना झेपत नाही. डाव्या सोंडेचा घरात चालतो. गिऱ्हाइकानं डावी मागितली आणि आपण उजवी दिली, तर मूर्ती कितीही देखणी असो, ती फसवणूक. एवढं शिकून, आणि चित्रकलेच्या दोन परीक्षा देऊन, मी लग्नानंतर खोपोलीला आले ती थेट स्प्रिंगांच्या घरात.

आमचे हे आधी घाटाच्या पायथ्याच्या वीजघरात फिटर होते. डोंगरावरून नळांतून पाणी उतरायचं, वीजघरातली चाकं फिरवायचं आणि बाहेर पडून नदीला मिळायचं. त्या पाण्याच्या काठानं थोडं खाली आलं की आमची पत्र्याची शेड. वीज आमच्या डोक्यावरून तारांनी मुंबईला जायची. आमच्या शेडमध्ये रॉकेलचा कंदील. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," असं हे पाहुण्यांना हसत हसत दाखवायचे, जणू त्यातही काही मोठेपणा होता.

नोकरी सोडून स्प्रिंगा करायचं यांच्या डोक्यात आलं ते लढाईच्या दिवसांत. विलायती माल येईनासा झाला होता. मागाला, पंपाला, तेलाच्या इंजिनाला, सगळ्याला स्प्रिंग लागते आणि ती मिळेना. गिरण्यांचे खरेदी करणारे लोक कर्जतला गाडी बदलून आमच्या दारात येऊन बसायचे. "काय असेल ते द्या," म्हणायचे. अहो, इतका मान आमच्या लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

आता वीज नाही म्हणजे चाक हातानं फिरवायचं. गावातले पुरुष लष्कराच्या कामांवर गेलेले, तिथं मजुरी बरी होती. राहिल्या बायका. त्यांतली पहिली आली ती वरच्या वाडीची मावशी. सगळं गाव तिला मावशीच म्हणे. काळीसावळी, खणखणीत आवाजाची, घाटातून लाकडाच्या मोळ्या आणून विकणारी. तिनं आपल्यासारख्या आणखी चौघीपाचजणी आणल्या. उभ्या चाकाची मूठ धरून फिरवायला त्या कंटाळल्या, म्हणून यांनी चाक आडवं बसवलं, जात्यासारखं. मधोमध उभी लोखंडी सळई. काठाला लाकडी खुंटा. दोघींनी समोरासमोर बसून खुंट्याला हात घालायचा, तिसरीनं तार धरायची. तारेचं टोक सळईच्या माथ्यावरच्या खाचेत अडकवायचं आणि चाक फिरेल तशी तार वरून खाली उतरवत न्यायची. की झाली स्प्रिंग.

पहिल्याच दिवशी खोळंबा झाला. हे म्हणाले, चाक असं फिरवा, म्हणजे डावीकडं. मावशीनं खुंट्यावरचा हात काढून घेतला.

"असं नाय फिरवायचं."

"का गं?"

"देवाला आपन कसं फिरतो? उजवं घालून. उलटं फिरायचं ते मेल्या मान्साभवती. कामाचं चाक उलटं फिरवून काय घरादाराचं वाटोळं करायचंय का?"

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. यांनी मला हाक मारली, वाटलं असेल मी समजूत घालीन. मी कसली घालते! मला ते शंभर टक्के पटलं होतं. मी म्हटलं, "त्या म्हणतायत ते बरोबर आहे." हे डोक्याला हात लावून बसले, मग हसले. म्हणाले, "फिरवा बायांनो, देवासारखं फिरवा."

चाक उजवीकडं आणि तार वरून खाली, त्याचा परिणाम असा झाला की आमची प्रत्येक स्प्रिंग डाव्या वळणाची व्हायला लागली. जगात सगळीकडं स्प्रिंग उजव्या वळणाची करतात, स्क्रूच्या आट्यासारखी. आमची उलटी. पण दाबायच्या स्प्रिंगला त्यानं काही फरक पडत नाही. उजवी दाबा, डावी दाबा, ती तितकीच उसळते. लढाईच्या धामधुमीत बघतंय कोण? हे स्वतः एकेक स्प्रिंग भट्टीत शेकायचे, दाबून मोजायचे, तेल लावायचे. माल चोख होता. एकाही गिऱ्हाइकानं परत पाठवला नाही.

लढाई संपली आणि आमचे दिवस फिरले. बोटींतून विलायती माल पुन्हा यायला लागला. दारात येऊन बसणारी माणसं दिसेनाशी झाली. हे मुंबईला खेपा घालून आले. सगळीकडं एकच उत्तर. खरेदीवाला म्हणायचा, "तुमचा माल चांगला आहे हो, पण साहेबानं नकाशावर विलायती नंबर लिहिलाय. तो लिहील ते आम्ही आणायचं."

त्या दिवशी जेवताना यांनी मला ते समजावून सांगितलं. घास हातात तसाच. माल विकत घेणारा वेगळा आणि माल ठरवणारा वेगळा. यंत्राचा नकाशा काढणारा, डिझाइन करणारा इंजिनिअर जो असतो, तो बोर्डावर वाकून एकदा लिहितो, अमुक ठिकाणी अमक्याची स्प्रिंग. मग दहा वर्षं तीच येत राहते. मी म्हटलं, यात नवल काय? भाजीत काय घालायचं ते चुलीपुढं बसलेली ठरवते, पिशवी घेऊन बाजारात जातो तो नुसता हमाल. "तसंच," हे म्हणाले, "आणि मी इतके दिवस हमालाशी गोड बोलत होतो."

यांना रेल्वेच्या कारखान्यात, मुंबईला, एक जागा मिळत होती. जुन्या साहेबानं शब्द टाकला होता. दसऱ्यानंतर हजर व्हायचं. म्हणजे शेड बंद, चाक भंगारात, आणि आम्ही दोघं कुठल्यातरी चाळीच्या खोलीत. हे त्याबद्दल बोलायचे ते इतक्या शांतपणे की माझाच जीव गलबलायचा. ज्या माणसानं एकेक खिळा स्वतः ठोकला, तो म्हणतो, "नोकरी काय वाईट असते?" त्यांना नोकरी नको होती. मलाही ती नको होती. आणि मावशी तर सरळ म्हणाली, "वयनी, चाक थांबलं की आमी पुन्ना मोळ्या वाहनार. आमचं काय नाय, डोंगर हाय. पन ह्ये मानूस हितं नसलं तर बरं नाय दिसायचं."

शेवटचा एक उपाय म्हणून यांनी जाहिरात द्यायचं ठरवलं. मुंबईहून इंजिनिअर लोकांचं एक इंग्रजी मासिक निघायचं. वीजघराच्या क्लबातले जुने अंक हे आणून वाचायचे. यंत्रांचे नकाशे करणारे सगळे ते वाचतात, म्हणे. दसऱ्याला बरेच महिने होते. एकदाच द्यायची, कारण दुसऱ्यांदा द्यायची ऐपत नव्हती. मासिकाचे जाहिरातवाले गृहस्थ स्वतः आले. काळा कोट, आत घामाच्या धारा, गिरगावातलं शुद्ध बोलणं. पण माणूस गोड. मी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली तर कोट काढून मांडी घालून बसले आणि तिसरी भाकरी मागून घेतली.

यांनी जाहिरातीचा मजकूर करून ठेवला होता, इंग्रजीत. वर देवाचं नाव. खाली उत्कृष्ट, टिकाऊ, माफक. शेवटी, एक वेळ अवश्य अनुभव घ्यावा. गृहस्थांनी तो वाचला, पाणी प्याले, म्हणाले, "मालक, रागावू नका. ही लग्नपत्रिका झाली."

मला हसू फुटलं. हे माझ्याकडं असे बघायला लागले की मी उठून ताट नेण्याचं निमित्त केलं. पण कान तिकडंच.

"आमचा वाचक बोर्डापुढं बसलेला असतो," ते सांगत होते. "हातात पट्टी, कानावर पेन्सिल. उत्कृष्ट म्हटलेलं त्याला खरं वाटत नाही, कारण सगळेच म्हणतात. त्याला सांगा, तार किती जाड, वेटोळी किती, किती वजनाला किती दबते. आणि चित्र द्या. असं चित्र, की त्यानं पट्टी लावून मोजलं तरी खरं निघालं पाहिजे."

मी हात पुसत बाहेर आले. "चित्र मी काढते."

हे म्हणाले, "अगं, गणपती नाही काढायचा."

"ठाऊक आहे मला. गणपतीपेक्षा सोपं आहे. याला डोळे नाहीत."

शेडमधली एक चांगली स्प्रिंग घेऊन मी दाराशी उजेडाला बसले. चार दिवस तेच. वरून बघितलेली, बाजूनं बघितलेली, मधोमध कापली तर कशी दिसेल ती. प्रत्येक वेटोळ्याची सावली. माप यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. शेवटच्या दिवशी हे माझ्या मागं उभे राहून बघत होते, बराच वेळ.  मग माझ्या डोक्यावर हलकेच टपली मारली नि गेले. यांचं कौतुक असंच असायचं, त्याला शब्द नसायचे.

महिन्याभरानं छापायच्या आधीचा नमुन्याचा कागद टपालानं आला. मी उघडला आणि माझं डोकंच फिरलं. चित्र सुरेख होतं, माझंच होतं, फक्त सगळी वेटोळी उजवीकडं झुकलेली. मासिकाच्या चित्रकारानं माझी "चूक" दुरुस्त केली होती! खाली चिठ्ठी, अनवधानानं वळण उलटं पडलं होतं, ते सुधारून घेतलं आहे.

"अनवधान त्याचं!" मी ओरडले. बाहेर बायकांनी चाक थांबवलं. "मी काय आंधळी आहे? आपली स्प्रिंग अशी आहे का?"

"हळू बोल. नाही, अशी नाही. पण अगं, दिसते बरी." हे कागद उजेडाला धरून बघत होते. "राहू दे ना. दाबायच्या स्प्रिंगला काय फरक पडतो?"

"मग तसंच छापा, आणि पिशवीत दुसरीच घालून द्या."

"तसं नव्हे. डावी छापली तर इंजिनिअर हसतील. म्हणतील, गावठी कारखाना, वळणसुद्धा धड काढता येत नाही. एकच संधी आहे आपल्याला."

 मला ते समजत होतं. दसरा डोळ्यांपुढं होता. या एका पानावर सगळं ठेवलेलं, आणि मी त्यात खोड काढत होते. पण माझ्या डोळ्यांपुढं वडील होते, हातात माती घेऊन बघणारे.

"हे बघा," मी म्हटलं, "आपला देव डाव्या सोंडेचा आहे. उजव्या सोंडेचा म्हणून तो मी कुणाच्या घरी पाठवणार नाही. हसू दे त्यांना. हसतील ते खऱ्या मालाला हसतील."

दोन दिवस आम्ही बोललो नाही. मी भाकरी वाढायची, हे खायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्या कागदावर यांनी लाल पेन्सिलनं फुली मारलेली, शेजारी लिहिलेलं, मूळ चित्र आहे तसं छापावं. आणि खाली, स्वतःच्या अक्षरात, जाडसर, इंग्रजीत एक ओळ वाढवलेली: आमच्या सर्व स्प्रिंगा डाव्या वळणाच्या असतात.

"लपवायचं नाही तर मग मोठ्यानं सांगायचं," हे म्हणाले. "वाढ आता, भूक लागलीय."

असा नवरा होता माझा. भांडण हरायचं तेसुद्धा पुरतं हरायचा.

अंक निघाला. आमचं पान उघडून आम्ही सगळ्यांनी बघितलं. मावशीला वाचता येत नव्हतं, पण तिनं चित्रावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आपलीच हाय." त्यानंतर वाट बघणं. आषाढ गेला, श्रावण गेला. पत्रं आली तीन-चार, पण कसली? एकानं लिहिलं होतं, आपल्या जाहिरातीतला चित्राचा ठसा उलटा छापला गेला आहे, छापखान्यास कळवावे. दुसऱ्यानं खालच्या ओळीची मस्करी केली होती, आपले कारागीर सर्व डावखुरे आहेत काय? हे पत्र वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे. मला एका शब्दानं म्हणाले नाहीत की बघ, मी सांगत होतो. म्हणाले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मला रात्री झोप लागेना. आपल्या हट्टापायी या माणसाची शेड गेली, असं मनात यायचं, आणि तरी ते चित्र बदलायला हवं होतं असं काही केल्या वाटायचं नाही.

दसरा आला. यांनी चाक घासूनपुसून लखलखीत केलं. सळया, पकडी, कानस, सगळं मांडून झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. चाकाला नमस्कार करताना हे जरा जास्तच वेळ वाकून राहिले. बायका नव्या लुगड्यांत आल्या होत्या. दोन दिवसांनी मुंबईला जायचं होतं. ट्रंक भरलेली होती.

तेवढ्यात शेडच्या दारात एक तरुण उभा. पॅंट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला पिशवी. स्टेशनवरून वाट चुकून शेतातून आला होता बिचारा. त्यानं पिशवीतून एक कापलेलं पान काढलं. आमचं पान.

"ही स्प्रिंग खरंच डावी आहे," त्यानं नमस्काराआधीच विचारलं, "की ठसा उलटा छापलाय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा आणखी एक! सणाच्या दिवशी घरापर्यंत येऊन हिणवतोय! मी पेटीतून मूठभर स्प्रिंगा घेतल्या आणि त्याच्यापुढं पाटावर ओतल्या. "बघा. डोळ्यांनी बघा."

त्यानं एकेक उचलून बघितली. मग पिशवीतून आपली एक मोठी, विलायती, उजव्या वळणाची स्प्रिंग काढली आणि आमची लहान तिच्या पोटात सरकवली. दोन्ही एकदम दाबल्या, सोडल्या. पुन्हा दाबल्या, सोडल्या. आणि तिथंच, चिखलाच्या पायांनी, मटकन बसला.

"सहा महिने शोधतोय हो," तो म्हणाला.

मग कळलं. तो मुंबईला एका इंजिनाच्या कारखान्यात डिझाइन करायचा. त्याच्या इंजिनाला एका जागी स्प्रिंगेत स्प्रिंग लागायची. दोन्ही एकाच वळणाच्या असल्या की आतलीचं वेटोळं बाहेरचीच्या फटीत शिरून अडकायचं, एका फणीचे दात दुसरीत गुंतावेत तसं. आतली उलट्या वळणाचीच पाहिजे. ती कुणी करून देईना, दिली तर दहांत दोन उजव्याच निघायच्या, कारागिराच्या हाताला सवय ती. मासिकातली ओळ वाचून त्याला वाटलं, इतकं छातीठोक कुणी लिहील कसं? म्हणून दसऱ्याची सुट्टी साधून तो आला होता.

"तुमच्याकडं चुकूनही उजवी होत नाही?" त्यानं विचारलं.

यांना सांगायला लाज वाटत होती. मग मीच सांगितलं, चाक देवासारखं फिरतं म्हणून. तो हसला नाही. झेंडूच्या माळेतल्या चाकापुढं जाऊन त्यानं बूट काढले आणि हात जोडले. तेव्हा कुठं माझा राग उतरला, मी त्याला आपट्याचं पान दिलं आणि जेवायला थांबवलं.

त्या दिवशी पुजलेलं चाक फिरवायचं नव्हतं, म्हणून तो राहिला. जेवताना त्यानं मुख्य गोष्ट काढली. आतली आणि बाहेरची, दोन्ही एकाच घरची मिळाली तर जोडी नीट जमते. बाहेरची उजवी करून द्याल का? दिलीत तर नकाशावर तुमचं नाव कायमचं. ते इंजिन निघत राहील तोवर काम निघत राहील. हे एका श्वासात हो म्हणाले. नको कसे म्हणतील? भरलेली ट्रंक समोर होती.

सकाळी माळ उतरवली. बायका चाकाशी बसल्या. डाव्या स्प्रिंगा झाल्या, इंजिनिअर खूष. मग यांनी घसा खाकरला. "मावशे, आता थोड्या वेळापुरतं जरा उलटं फिरवायचं."

मावशीनं खुंटा सोडला. तिच्यासमोरचीनंही सोडला.

"नाय."

"अगं, एवढ्या एका मालापुरतं. नाहीतर शेड बंद होतेय आपली."

"नाय म्हनलं ना."

मला राहवेना. "मावशे, पोटावर पाय आणतेस का गं सगळ्यांच्या? यांच्याकडं तरी बघ!"

मावशी उठून उभी राहिली. इतकी चिडलेली मी तिला कधी बघितली नव्हती, आणि डोळ्यांत पाणी. "त्यांच्याकडंच बघत्ये, वयनी. ह्ये चाक कुनी घडवलं? ह्ये त्यांचं चाक हाय. ते उलटं फिरवायचं म्हंजे कुनावर फिरवायचं, बोला की! मोळ्या वाहीन मी. ह्ये जित्ते हायेत तवर ह्ये चाक उलटं फिरायचं नाय. मी फिरवनार नाय, कुनाला फिरवू देनार नाय."

 इंजिनिअरनं हातातला कप खाली ठेवला. हे चाकाशी उकिडवे बसले, मान खाली. मला वाटलं, संपलं. हे सळईवरून अंगठा फिरवत होते, वरच्या खाचेपासून खाली, खालून वर. पुन्हा खाली. आणि एकदम हसायला लागले. खदाखदा. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"कानस दे," हे मला म्हणाले. "अगं दे लवकर!"

सळईच्या बुडाशी यांनी नवी खाच पाडली. तारेचं टोक तिच्यात अडकवलं. "मावशे, बस. तुझ्या मनासारखं फिरव. उजवं घालून. फक्त तार आता खालून वर न्यायची."

चाक फिरलं, देवासारखं. तार खालून वर चढली. यांनी स्प्रिंग काढून इंजिनिअरच्या हातात दिली. उजवी, स्वच्छ उजवी. त्यानं आमची डावी तिच्या पोटात घातली. दाबली. सोडली. एकमेकींत न अडकता दोघी उसळल्या.

"इतकी वर्षं!" हे कपाळावर हात मारून म्हणत होते. "इतकी वर्षं खाच नुसती वर होती हो! पहिल्या दिवशी सुचलं असतं तर..." आणि तिथंच थांबले. माझ्याकडं बघितलं. पहिल्या दिवशी सुचलं असतं, तर आमच्या स्प्रिंगा चारचौघींसारख्या झाल्या असत्या, आणि चिखल तुडवत हा मुलगा कशाला आला असता? मी ट्रंक उघडली आणि यांचे सदरे पुन्हा दोरीवर टाकले.

काही महिन्यांनी तो नकाशा आला. निळा कागद, पांढऱ्या रेघा. कोपऱ्यात बाणाच्या टोकाशी इंग्रजीत दोन ओळी: बाहेरची, उजवी, खोपोली. आतली, डावी, खोपोली. हे तो कागद चार वेळा उलगडायचे नि चार वेळा गुंडाळायचे. मावशीला दाखवला तर ती म्हणाली, "ह्यात मी कुठं हाय?" यांनी डाव्या स्प्रिंगेवर बोट ठेवलं.

पुढं वीज आली, मोटर आली, दुसरी यंत्रं आली. ते आडवं चाक शेडच्या मधोमध तसंच ठेवलं होतं, दसऱ्याला पहिली माळ त्याला. बऱ्याच वर्षांनी, हे गेले तेव्हा, यांना घरातून नेल्यावर मी शेडच्या पायरीवर जाऊन बसले होते. मावशी काठी टेकत आली. तोवर ती फार थकली होती.  आत गेली, चाकाशी बसली, खुंट्याला दोन्ही हात घातले आणि ते चाक एकदा, सावकाश, डावीकडं फिरवलं.

मग बाहेर येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली.